वाट विचारणाऱ्याचा आवाज

नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोतुळजवळ, जानेवारी २०२१ मध्ये एक मोटार रात्रीच्या वेळी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. पुण्याहून कळसूबाईच्या वाटेने निघालेले तिघे जण तीत होते. मोबाईलवरील नकाशाने त्यांना जो पूल दाखविला तो पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले. मोटार चालविणारा बुडाला. पाणी वाढले की मुळेवरचा हा पूल बुडतो, ही गोष्ट पंचक्रोशीतील गुराख्याच्या पोरालाही ठाऊक होती. ती नकाशाला ठाऊक नव्हती. चार दिवस वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, यंत्रावर विसंबू नये असा उपदेश झाला, आणि प्रकरण विस्मृतीत गेले.

त्या प्रकरणातला एक मुद्दा मात्र तेव्हा कोणी फारसा उचलला नाही. त्या रात्री वाट विचारणारे कोठे आहेत, कोणत्या दिशेने व किती वेगाने चालले आहेत, कोठे जाऊ इच्छितात, हे सारे वाट दाखविणाऱ्या यंत्रणेला समजत होते. तिला ते समजल्याखेरीज तिचे कामच चालत नाही. परंतु वाट दाखविणारी ही यंत्रणा कोणाची, तिने हा पूल कोणत्या आधारावर चालू धरला आणि चूक झाली तर जाब कोणत्या दारात विचारायचा, यांपैकी काहीही वाट विचारणाऱ्यांना माहीत नव्हते. गावात शिरताना पारावरच्या म्हाताऱ्याला वाट विचारली तर विचारणाऱ्याला म्हाताऱ्याचा चेहरा दिसतो, आणि वाट चुकली तर परत येऊन त्याला दोन शब्द सुनावताही येतात. मोबाईलच्या वाटाड्याशी जडलेले नाते एकतर्फी आहे. एक बाजू पूर्ण उघडी आहे आणि दुसरी पूर्ण झाकलेली.

या वाटाड्याला डोळे होतेच. आता त्याला कानही देण्यात आले आहेत. नकाशाच्या ॲपमध्ये ध्वनिग्राहकाचे, म्हणजे मायक्रोफोनचे, चिन्ह पूर्वीपासून आहे. ते दाबून गावाचे नाव बोलले की रस्ता दिसू लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये वेझ या गूगलच्याच मालकीच्या ॲपने, रस्त्यावर खड्डा वा अपघात दिसला तर चालकाने तो साध्या बोलण्यातून कळवावा, अशी सोय जाहीर केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने आपल्या नकाशांत जेमिनी हा बोलका सहायक आणण्याचे जाहीर केले. म्हणजे वाट विचारण्यासाठी बोट लावण्याची गरज उरणार नाही. चालकाने बोलावे आणि नकाशाने ऐकावे.

ही सोय आहे, आणि ती खोटी नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. घोडेगावच्या बाजारातून कांदा भरून वाशीकडे निघालेल्या टेम्पोचालकाचे दोन्ही हात चाकावर असतात. गाडी चालविताना मोबाईल हातात धरून बोलणे मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असावा हे योग्यच आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी मात्र मार्गदर्शनापुरता मोबाईलचा वापर मान्य केला आहे. ज्या चालकाला अक्षरे जुळवीत बसण्याची सवय नाही, ज्याला इंग्रजी स्पेलिंग येत नाही, त्याला तोंडाने वाट विचारता येणे हा मोठाच दिलासा आहे. तेव्हा "नको असेल तर वापरू नका" हा सुखवस्तू माणसाचा सल्ला येथे निरुपयोगी आहे. टेम्पो, रिक्षा, ट्रक, खाद्यपदार्थ पोहोचविणारी मोटारसायकल यांवर ज्यांचे पोट आहे त्यांना हे यंत्र टाळता येत नाही. ज्याला नकार देणे परवडत नाही त्याच्या होकाराची किंमत काय, हा खरा प्रश्न आहे.

यंत्र कसे चालते ते थोडे समजून घेतले तर या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. बोललेला शब्द मोबाईल टिपतो. पुष्कळदा तो कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे पाठविला जातो, तेथे त्याचे अक्षरांत रूपांतर होते आणि उत्तर परत येते. ध्वनीचा तो तुकडा नंतर पुसला जातो की साठविला जातो, हे कंपनीच्या धोरणावर आणि वापरणाऱ्याने मोबाईलमध्ये काय निवडले आहे त्यावर ठरते. ठरावीक संबोधन उच्चारताच जागा होणारा सहायक असेल तर ते संबोधन ऐकू यावे म्हणून यंत्राला सदैव कान देऊन बसावे लागते. त्या वेळचे ऐकलेले मोबाईलमध्येच राहते आणि पुसले जाते असे कंपन्या सांगतात. परंतु संबोधन नसताना ते आहे असा यंत्राचा गैरसमज झाला की नको ते बोलणेही बाहेर जाते.

ही शंका काल्पनिक नाही. जुलै २०१९ मध्ये बेल्जियममधील व्हीआरटी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने गूगलच्या ध्वनिसहायकाकडे गेलेले एक हजाराहून अधिक ध्वनितुकडे मिळविले. ते तुकडे ऐकून लिहून काढण्याचे काम कंत्राटी माणसांकडे होते. त्यांतील १५३ तुकडे कोणी सहायकाला हाक न मारता टिपले गेले होते; घरातील खासगी संभाषणे आणि व्यवसायाचे दूरध्वनी त्यांत होते. एकूण ध्वनितुकड्यांपैकी सुमारे ०.२ टक्केच माणसे तपासतात, असा खुलासा गूगलने केला. कोट्यवधींच्या व्यवहारात ०.२ टक्के म्हणजे किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. त्याच महिन्यात ॲपलच्या सिरी या सहायकाबाबतही असेच प्रकरण 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने उघडकीस आणले, आणि त्यावरून झालेल्या दाव्यात जानेवारी २०२५ मध्ये ॲपलने चूक मान्य न करता ९.५ कोटी डॉलरची तडजोड केली. लहान मुलांचे आवाज साठवून ठेवल्याबद्दल ॲमेझॉनला २०२३ मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलर भरावे लागले. आपल्याकडेही २०२१ मध्ये संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक समितीपुढे, सहायकाशी झालेली काही संभाषणे आपली माणसे ऐकतात, असे गूगलच्या प्रतिनिधींनी मान्य केल्याचे वृत्त आले होते.

या गाजावाजानंतर कंपन्या थोड्या शहाण्या झाल्या हेही नमूद करावयास हवे. गूगलने २०२० मध्ये, वापरणाऱ्याने वेगळी अनुमती दिल्याखेरीज आवाजाचे तुकडे साठवावयाचे नाहीत असे ठरविले. नकाशाचे ॲप प्रवासभर सारे संभाषण मुद्रित करीत बसते, असे म्हणण्यास पुरावा नाही, आणि कार्यकर्त्यांनी सभेत तसे बोलूही नये. परंतु स्वेच्छेने दिलेले औदार्य स्वेच्छेने मागेही घेतले जाते. मार्च २०२५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या काही उपकरणांवरील "माझा आवाज कंपनीकडे पाठवू नका" हा पर्यायच काढून टाकला. शिवाय पर्याय बंद केला म्हणजे साठवण थांबली असे होतेच असे नाही. स्थळांची नोंद बंद केल्यानंतरही ती दुसऱ्या मार्गाने चालूच राहते, हे २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिले, आणि त्याच विषयावर गूगलला नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील ४० राज्यांशी ३९.१५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. अमेरिकेतील राज्यांना वकील लावता येतात. पाथर्डीच्या ट्रकचालकाने कोणाकडे जावे?

परवानगीचा प्रकारही पाहण्यासारखा आहे. मायक्रोफोन वापरू का, असे मोबाईल विचारतो तेव्हा सामान्यतः तीन उत्तरे समोर असतात: ॲप वापरताना, प्रत्येक वेळी विचारून, अथवा नाही. बहुतेक जण पहिले दाबतात. इतर ॲपच्या बाबतीत "वापरताना" म्हणजे दोन-चार मिनिटे. नकाशाच्या बाबतीत "वापरताना" म्हणजे जामखेडहून मुंबईपर्यंतचा सारा प्रवास. इतका वेळ दार उघडे ठेवले जाते. आत कोणी येते असे नव्हे, पण दार उघडेच असते. आणि गाडीत चालक एकटा नसतो. क्लीनर असतो, भाडेकरू असतात, शेजारी बसलेली बायको असते, रुग्णालयात नेला जाणारा म्हातारा असतो. त्यांची अनुमती कोणी मागितलेली नसते. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात घरांना दारे नाहीत, परंतु ते त्या गावाने आपल्या श्रद्धेने ठरविले आहे. येथे घर एकाचे, आणि दार काढून ठेवण्याचा निर्णय दुसऱ्याचा.

असो. एवढे ऐकून पुष्कळ जण म्हणतात, आमच्या बोलण्यात चोरण्यासारखे काय आहे? कांद्याचा भाव आणि मुलीचे लग्न, याखेरीज आम्ही बोलतो काय? हा प्रश्न भाबडा आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे, कारण चळवळीतही तो विचारला जातो.

आवाज म्हणजे नुसते शब्द नव्हेत. आवाजावरून माणूस ओळखता येतो, स्त्री की पुरुष हे कळते, वयाचा अंदाज येतो, तो दमलेला आहे की घाबरलेला याचा अदमास घेता येतो. या जिल्ह्यात तर तोंड उघडताच अकोल्याच्या डोंगरातला ठाकर कोण आणि श्रीगोंद्याचा बागायतदार कोण हे ऐकणाऱ्याला समजते. बोलीवरून तालुका कळतो, तालुक्यावरून वाडी, आणि वाडीवरून जात. त्यात कोठून कोठे, किती वाजता, किती वेळा, ही नकाशाची माहिती मिसळली की माणसाचे अख्खे चरित्र तयार होते. कोणत्या दवाखान्यासमोर गाडी थांबली, कोणत्या वकिलाकडे गेली, कोणत्या संघटनेच्या सभेच्या जागी दोन तास उभी राहिली, हे सर्व त्यात येते. संप करू पाहणाऱ्या कामगारांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

पारधी समाजाला तर ते अजिबात समजावून सांगावे लागणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी माणसांच्या जमातीच्या जमाती जन्मानेच संशयित ठरविल्या. कोठे राहतो, कोठे जातो, याची हजेरी पोलिसांकडे द्यावी लागे. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा मोडीत काढला, तरी जिल्ह्यातील पारध्यांच्या पालांवरील संशय अद्याप गेलेला नाही. माणसाच्या संचाराची नोंद ही सत्तेची फार जुनी भूक आहे. तिला पूर्वी शिपाई लागे, वही लागे. आता ज्याची नोंद घ्यायची तोच स्वतःच्या पैशाने यंत्र विकत घेतो आणि रोज रात्री ते चार्ज करून ठेवतो.

याच नगरच्या अच्युतराव पटवर्धनांनी १९४२ नंतरची वर्षे भूमिगत राहून काढली आणि ब्रिटिशांच्या पोलिसांना ते अखेरपर्यंत सापडले नाहीत. गावोगावच्या साध्या माणसांनी वाट दाखविली आणि ती कोणाला सांगितली नाही, म्हणून ते शक्य झाले. त्याच काळात भुईकोट किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य स्थानबद्ध होते आणि त्यांची पत्रे तपासून सोडली जात. ती जुलमी राजवट होती, परंतु पत्र फोडले जाते हे लिहिणाऱ्याला माहीत असे आणि तो त्या बेताने लिही.

न्यायालयांनी या विषयात काही चांगली पावले टाकली आहेत. खरकसिंगच्या खटल्यात, १९६२ मध्ये, बहुमताने खासगीपणाचा मूलभूत अधिकार मान्य केला नव्हता. न्या. सुब्बा राव यांनी मात्र भिन्नमत नोंदविताना, पाठीवर पाळत असताना केलेला संचार मुक्त संचार म्हणता येत नाही, या आशयाची भूमिका घेतली. पंचावन्न वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग ठरविला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण नसताना दिलेले दूरध्वनी ऐकण्याचे हुकूम रद्द केले. आणि ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांनी दिलेला निकाल तर थेट नकाशाविषयी आहे. अंमली पदार्थांच्या गुन्ह्यातील एका परदेशी आरोपीने जामिनावर असताना गूगल नकाशावर आपला ठावठिकाणा दाखवीत राहावे, अशी अट घालण्यात आली होती. जामिनावरील आरोपीच्या खासगी जीवनात पोलिसांना सतत डोकावू देणारी अट घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

या निकालाशेजारी कष्टकऱ्यांची स्थिती ठेवून पाहावी. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली. माल पोहोचविणाऱ्या तरुणाच्या मोबाईलवर कंपनीचे ॲप दिवसभर चालू असते. तो कोठे थांबला, किती वेळ थांबला, हे कंपनीला दिसते आणि त्यावर त्याचे पुढचे काम ठरते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये अशा तऱ्हेचे काम करणारे देशात ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत त्यांची संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल. जे बंधन न्यायालय आरोपीवर घालू देत नाही ते मालक निर्दोष कामगारावर रोज घालतो, आणि त्यात आता आवाजाची भर पडू पाहत आहे.

संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात घेण्यासारखे बरेच आहे, आणि ते न वाचताच त्याला झोडपणे हा आळशीपणा होईल. संमती स्वेच्छेची, विशिष्ट कामापुरती, समजून-उमजून आणि अटीविना दिलेली असली पाहिजे, असे सहावे कलम सांगते. सांगितलेल्या कामाला जी माहिती आवश्यक नाही तिच्याबद्दलची संमती ग्राह्यच नाही. आजार सांगण्यासाठी उघडलेल्या ॲपने मोबाईलमधील ओळखीच्या लोकांची यादी मागितली तर ती संमती फोल आहे, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे. हाच न्याय लावला तर वाट विचारण्यापुरता दिलेला आवाज वाट सांगून झाल्यावर ठेवून घेणे, अथवा त्याच्यावर दुसरे यंत्र शिकविणे, हे संमतीबाहेरचे ठरते. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, हेही कायद्यात आहे. आणि या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संमतीची सूचना इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय वापरणाऱ्याला मिळाला पाहिजे. म्हणजे मराठीत. मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

आता त्याच कायद्याची दुसरी बाजू. सातव्या कलमाने नोकरीच्या कारणासाठी, तसेच मालकाला नुकसानीपासून वाचविण्यासाठी, कामगाराची माहिती संमतीविना वापरण्यास मुभा दिली आहे. सतराव्या कलमाने केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्यातून वगळता येते. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, हे ऐकून छाती फुगते. परंतु तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो, ज्याचा आवाज गेला त्याला त्यातील छदामही मिळत नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाई मागण्याचे जे कलम होते तेही या कायद्याने वगळण्याची तरतूद केली आहे. उलट खोटी अथवा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले तर तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड. कंपनीशी झगडू पाहणाऱ्या रिक्षावाल्याला घाबरविण्यास एवढे पुरेसे आहे.

आणि कायद्यातील कोणता भाग आधी लागू झाला हे पाहिले म्हणजे सत्तेचा प्राधान्यक्रम उघड होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले तेव्हा संमती, सूचना, कंपन्यांची कर्तव्ये यांना १८ महिन्यांची सवलत देण्यात आली, म्हणजे ती २०२७ च्या मे महिन्यापर्यंत पुढे गेली. माहिती अधिकार कायद्याचे आठवे कलम बदलणारी तरतूद मात्र तत्काळ अमलात आली. पूर्वी व्यक्तिगत माहितीही व्यापक लोकहितासाठी मागता येई, आणि विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये असा आधार त्या कलमात होता. आता व्यक्तिगत माहिती आहे एवढे म्हटले की अधिकाऱ्याचे काम भागते. लोकहिताचा विचार करण्याची दुसरी तरतूद कायद्यात शिल्लक आहे, असे सरकार म्हणते. ते खरे आहे, परंतु ती चालविणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून माहितीच्या अधिकाराची जी चळवळ उभी राहिली, आणि जिच्यामुळे महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये कायदा केला, त्या चळवळीच्या जिल्ह्यात हे विसरले जाऊ नये. ठेकेदाराचे बिल खासगी ठरले, आणि ट्रकचालकाच्या केबिनमधले बोलणे आणखी दीड वर्ष उघडे राहिले.

या विषयाचा एक पैलू असा आहे की जो शहरी चर्चेत येत नाही. यंत्राला मराठी शिकवायची तर मराठी बोलणाऱ्यांचे असंख्य आवाज लागतात. ते मिळविण्याचे प्रामाणिक मार्ग अस्तित्वात आहेत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाराष्ट्रातील खेड्यांतल्या व शहरी वस्तीतल्या कमी उत्पन्नाच्या माणसांना मोबदला देऊन मराठी वाक्ये वाचून घेण्यात आली. केंद्र सरकारच्या भाषिणी या उपक्रमात २०२२ पासून लोक आपण होऊन आवाज दान करतात. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या संग्रहातही मराठी आवाज आहेत, आणि तो संग्रह सर्वांना खुला आहे. म्हणजे आवाज देणे हे काम आहे, त्याला मजुरी असू शकते; अथवा ते दान आहे, आणि मग त्याचे फळ सर्वांचे असते. तिसरा मार्ग असा की वाट विचारणाऱ्याचा आवाज वाट सांगण्याच्या बदल्यात ठेवून घ्यावा, त्यावर यंत्र तयार करावे आणि ते यंत्र त्यालाच विकावे. ज्वारी दळून दिल्याबद्दल दळणाचे पैसे घेणारा गिरणीवाला समजण्यासारखा आहे; पीठ परत देताना पाठीमागच्या कोठीत किती भरून ठेवले हे न सांगणारा गिरणीवाला गावात टिकत नाही.

नकाशाचेही तसेच आहे. सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था १७६७ पासून या देशाची मोजणी करीत आली आहे. रस्ते सार्वजनिक पैशाने बांधले जातात, पूल सार्वजनिक बांधकाम खात्याचे असतात, धरणाचे पाणी केव्हा चढणार हे जलसंपदा खात्याला ठाऊक असते. असे असताना कोणता पूल आज बंद आहे ही साधी माहिती सरकार स्वतः सर्वांसाठी खुली करीत नाही, आणि ती खासगी कंपनीने लोकांच्या संचारावरून अनुमानाने काढावी अशी व्यवस्था चालू राहते. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघांचा मृत्यू झाला, तेव्हा तेथील पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर नकाशाच्या कंपनीच्या अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदविला. गुन्हे नोंदवून पूल दिसू लागत नाहीत. बंद रस्त्यांची आणि बुडणाऱ्या पुलांची यादी जिल्हा प्रशासनाने रोजच्या रोज, कोणत्याही नकाशाला वापरता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. आणि वाट दाखविण्यासाठी माणसाचा आवाज साठविण्याची गरज त्यासाठी मुळीच पडत नाही.

तेव्हा कामाची दिशा पुरेशी स्पष्ट आहे. सातव्या कलमातील मालकांची मुभा काढून टाकावी, निदान ठावठिकाणा आणि आवाज यांना ती लागू होऊ नये, ही मागणी चालकांच्या व पोहोच-कामगारांच्या संघटनांनी आतापासून लावून धरली पाहिजे. भरपाईचा हक्क परत मिळाला पाहिजे, आणि माहिती अधिकाराचे आठवे कलम पूर्ववत झाले पाहिजे. राज्य सरकार, महानगरपालिका, राज्य परिवहन महामंडळ यांनी जी ॲप आपल्या कर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर चढविली आहेत ती कोणकोणत्या परवानग्या मागतात हे माहिती अधिकाराखाली विचारता येते; तो अधिकार जेवढा शिल्लक आहे तेवढा वापरला पाहिजे.

दरम्यान तालुक्याच्या ठिकाणी कार्यकर्त्यांना एक साधे काम करता येईल. रिक्षा थांब्यावर, टेम्पोच्या अड्ड्यावर, बाजार समितीच्या आवारात बसून दहा चालकांचे मोबाईल त्यांच्याच हातात उघडावयास सांगावे, नकाशाच्या ॲपला कोणत्या परवानग्या आहेत ते वाचून दाखवावे, मायक्रोफोनसमोर "प्रत्येक वेळी विचारा" हे कसे निवडायचे, साठविलेले आवाज कोठे दिसतात आणि कसे पुसायचे ते समजावावे. संमतीची सूचना मराठीत मिळावी अशी मागणी करणारे पत्र प्रत्येकाच्या सहीने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे आणि त्याची प्रत पक्षाच्या कार्यालयात राहावी. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो आणि प्रवरा-मुळेच्या खोऱ्यांतील कारखान्यांच्या रस्त्यांवर परजिल्ह्यांतील ट्रॅक्टर-ट्रकचालक मोठ्या संख्येने येतात. त्यांना येथल्या वाटा ठाऊक नसतात, ते मोबाईललाच विचारीत येतात. तोपर्यंत ही पत्रके छापून कारखान्यांच्या फाटकांवर पोहोचलेली असावीत.